एक्केचाळीस नंबरचं वासरू

माझ्या मैत्रिणीची मुलगी गुरांची डॉक्टर झाली, तेव्हा आमच्या अमेरिकेतल्या नोव्हाय गावच्या मराठी मंडळात बरंच नाक मुरडून झालं. बाप हृदयाचा डॉक्टर, आई इंजिनिअर, आणि पोरगी काय करते, तर आफ्रिकेतल्या गाईंच्या गोचिडांवर रिसर्च! "गोचीड?" असं म्हणून एक काकू पुरणपोळीचं ताट बाजूला ठेवून खुर्चीत सरकून बसल्या होत्या, जणू एखादं पोरीच्या ड्रेसवरून चालत येईल. मी तेव्हा त्या काकूंना फटकारलं होतं. माझा स्वभावच तसा आहे. पण खरं सांगायचं तर त्या गोचिडांचं एवढं काय, हे मलाही कळत नव्हतं.

कळलं ते मी रिटायर झाल्यावर. पस्तीसेक वर्षं मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्ताच्या स्लाइड्स वाचल्या. डोळे अजून शाबूत आहेत, आणि घरात बसून माझा नवऱ्याशी दिवसातून चारदा वाद होतो. एक दिवस या पोरीचा फोन आला. "मावशी, तू आमच्या स्लाइड्स वाचशील? प्रत्येक स्लाइड दोघं वाचतात, त्यातली सेकंड रीडर जॉब सोडून गेली. माझा बॉस तुझी टेस्ट घेईल हं, मी रेकमेंड केलं म्हणून नुसतंच कामावर घेणार नाही." मी म्हटलं, घेऊ दे की! त्या म्हाताऱ्या गोऱ्या प्रोफेसरांनी मला वीस स्लाइड्स दिल्या आणि मी वीसच्या वीस बरोबर सांगितल्या. तर अशी मी सहा आठवड्यांसाठी तासभर ड्राइव्ह करून युनिव्हर्सिटीत जायला लागले.

पहिल्याच दिवशी तिनं मला समोर बसवून सगळं समजावलं. पूर्व आफ्रिकेत एक तपकिरी गोचीड गुरांच्या कानाला चिकटतं. त्याच्या लाळेतून थायलेरिया नावाचा परजीवी आत शिरतो. कानाखालची गाठ लिंबाएवढी होते, ताप चढतो, आणि उपचार नाही मिळाले तर तीनचार आठवड्यांत वासरू जातं. याची एक लस आहे, पण ती कडक थंडीत गोठवून ठेवावी लागते, खेड्यापाड्यांत न्यायची म्हणजे दिव्यच. तिला हवी होती साध्या डब्यातून नेता येईल अशी लस. त्यासाठी दर वर्षी तीन महिने ती केनियात. "स्वाहिली फाडफाड बोलते, आणि माझ्याशी मराठीत चार वाक्यं धड नाहीत," ही तिच्या आईची कायमची तक्रार.

तिच्या फोनमध्ये तिकडचा एक व्हिडिओ होता. वासरू उधळतंय, आणि ही एवढीशी पोरगी त्याच्या मानेला मिठी मारून, गुडघा टेकवून, स्लाइडसाठी पाणी काढायला कानाखालच्या गाठीत सुई घालतेय. वासराला कळलंसुद्धा नाही. काय हात आहे बाई! मी इतकी वर्षं माणसांचं रक्त काढलं, पण चिखलात बसून, चारपायी पेशंटला कुशीत धरून सुई मारायची? आपल्याच्यानं नाही होणार. लॅबच्या समोरच्या खोलीत त्से-त्से माशी आणि तिच्यामुळे गुरांना होणाऱ्या आजारावर काम करणारी मंडळी होती. तीही अडलं की हिलाच विचारायला यायची. मला उगाचच कॉलर ताठ झाल्यासारखं वाटायचं.

आणि तिच्या फोनच्या स्क्रीनवर कायम एकच फोटो. काळंपांढरं, मोठ्या कानांचं वासरू, कानात पिवळा बिल्ला, त्यावर एक्केचाळीस. ते एका शाळेतल्या शिक्षिकेचं. बाईंच्या दोन गाई, आधीची दोन वासरं याच तापानं गेलेली. "हे व्हॅक्सिनवालं आहे मावशी. आजूबाजूची आजारी पडली, पण हे बघ कसं उभं आहे!" हे सांगताना तिचा चेहरा असा फुललेला असायचा की मीही रोज त्या वासराचा कान बघून खूश व्हायचे.

आता नियम असा, की स्लाइड वाचणाऱ्याला ती कुठल्या वासराची आहे, लसवाल्या की बिनलसवाल्या, हे कळता कामा नये. म्हणून तिकडच्या डॉक्टरनं स्लाइडच्या कडेला पेन्सिलीनं लिहिलेल्या बिल्ल्याच्या नंबरावर हिनं पांढरे स्टिकर लावून भलतेच कोड घातले होते. मी पाहायचं आणि कागदावर लिहायचं: परजीवी दिसले की नाही, आणि दिसले तर किती.

तिसऱ्या आठवड्यात एका स्लाइडमध्ये मला ते दिसले. फार नव्हते, पण शंकेला जागा नव्हती. निळ्या पेशीच्या पोटात खसखस सांडावी तसे जांभळे ठिपके. मी मोजले, परत मोजले. मग भिंगासाठी घातलेलं तेल पुसायला स्लाइड काढली. आता माझी जुनी सवय अशी, की वरून तेल टिपलं की स्लाइड उलटी करून खालची काचही पुसायची. त्याशिवाय मला चैनच पडत नाही. तशी उलटी केली, आणि काचेतून, स्टिकरच्या मागच्या बाजूला, ठसठशीत पेन्सिलीत उलटा आकडा दिसला. एक्केचाळीस.

बाकीच्या स्लाइड्स खिडकीपाशी धरून पाहिल्या. त्यांच्यावरची पेन्सिल फिकट होती म्हणून आजवर लक्ष गेलं नव्हतं, पण नीट पाहिलं तर प्रत्येकीचा नंबर वाचता येत होता. महिन्याभरात तिचा पुढच्या ग्रँटचा अर्ज जायचा होता. तो मंजूर झाला नाही तर काम बंद, तिकडची माणसं घरी, आणि पाच वर्षं जिवाचं रान केलेलं फुकट. हे मला माहीत होतं. रोज तेच तर ऐकत होते.

मी कागदावर शून्य लिहिलं.

हो, मीच. जिनं पस्तीस वर्षांत एकदाही डॉक्टरांच्या दबावाखाली रिपोर्ट बदलला नाही, जिनं एका सर्जनला लॅबमधून हात धरून बाहेर काढलं होतं, तिनं. लिहिताना दोनदा विचारसुद्धा केला नाही, याची मला आजही लाज वाटते. त्या क्षणी मला फक्त तिचा चेहरा दिसत होता.

दोन दिवस मला अन्न गोड लागेना. नवरा म्हणाला, "आज भांडत का नाहीस? बरं नाहीये का?" तिसऱ्या दिवशी दुपारी तिच्या ऑफिसात डबा उघडून बसलो होतो. ती मेथीचे ठेपले खात होती आणि मी एकदम म्हणून टाकलं, "अगं, मी खोटं लिहिलंय."

सगळं सांगितलं. तिनं हात पुसले, माझ्यामागून लॅबमध्ये आली, स्लाइड घेतली आणि उलटी करून उजेडात धरली. मला वाटलं आता ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

तिनं पहिलं काय विचारावं? "किती होते?"

मी आकडा सांगितला. तिनं मान हलवली. मग दुसरी स्लाइड उलटी केली, मग तिसरी. "ओ गॉड, मावशी. सगळ्याच रीडेबल आहेत. म्हणजे फर्स्ट रीडरलाही दिसले असतील."

"त्याला कशाला दिसतील? तो थोडाच खालची काच पुसतो!" मी म्हटलं. "हे बघ, मी माझं ते शून्य खोडते, खरा आकडा लिहिते. तू नवे स्टिकर लाव, विषय संपला. एका वासरानं काय आभाळ कोसळणार आहे? अर्ज जाऊ दे आधी."

ती स्टुलावर बसली. डोळे भरले होते, पण आवाज शांत. "मावशी, त्या टीचरच्या गाईला नवीन वासरू झालंय. ती मला रोज मेसेज करते, हेच इंजेक्शन दे, मग मी गोचिडांचा स्प्रे बंद करते, महाग पडतो. मी तिला काय सांगू? तुझ्या झिरोवरून सांगू?"

मी माझा रीडिंगचा कागद तिच्यापुढे ठेवला.

"सोमवारी मीटिंग आहे," ती म्हणाली. "स्टिकर मी लावले, ते मी सांगते. तुझं तू सांग."

सोमवारी सातआठ माणसं टेबलाभोवती. ती उभी राहिली आणि अगदी साध्या शब्दांत सांगितलं, की झाकलेले नंबर काचेतून वाचता येतात, ही चूक माझी आहे, आणि आतापर्यंतचं एकही रीडिंग धरता येणार नाही. माझ्या खोट्या शून्याबद्दल चकार शब्द काढला नाही. माझ्यासाठी जागा रिकामी ठेवून ती खाली बसली. मला वाटलं होतं, उठावंच लागणार नाही, निभावून जाईल. पण तिला असं एकटीनं उभं राहिलेलं पाहिल्यावर बसून राहणं शक्यच नव्हतं. मी उठले आणि माझ्या मोडक्यातोडक्या, घाबरल्यावर आणखी मोडणाऱ्या इंग्रजीत सांगितलं. प्रोफेसरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मला थँक यू म्हणाले आणि त्याच दिवशी माझं काम संपलं.

स्लाइड्सचे नंबर पुसून, नवे कोड घालून त्या दुसऱ्याच राज्यातल्या लॅबकडे गेल्या. अर्जाची तारीख हुकली. तिनं वर्षभर उसन्या जागेत, एका मदतनिसावर, हातात असेल तेवढ्यावर काम रेटलं. एकदाही माझ्यासमोर रडगाणं गायली नाही. नवी रीडिंग्ज आली तेव्हा लस चालते असं दिसलं, पण तिला वाटलं होतं तेवढी चालत नाही. एक्केचाळीस नंबरमध्ये परजीवी निघाले, मी पाहिले होते तसेच. याच आकड्यांवर तिनं पुन्हा अर्ज केला, आणि या वेळी थोडी कमी का होईना, ग्रँट मिळाली.

मागच्या रविवारी ती आमच्याकडे जेवायला आली होती. जेवणाआधी माझ्याच टेबलावरून तिनं त्या शिक्षिकाबाईंना व्हिडिओ कॉल केला. स्वाहिली मला ओ की ठो कळत नाही. पण बाईंचा चेहरा आधी उतरला, मग त्यांनी दोनतीन प्रश्न विचारले, हिनं हातानं स्प्रे मारून दाखवला आणि बाईंनी मान डोलावली. "सांगितलं तिला," फोन ठेवून ती म्हणाली, "की अजून भरवसा ठेवू नकोस, स्प्रे चालू ठेव."

मग आम्ही जेवायला बसलो. वरणभातावर तूप वाढता वाढता मी शेवटी विचारलंच. किती दिवस ओठांवर होतं. "नव्या स्लाइड्स येणार आहेत ना? मी येऊ वाचायला? आता तर मी डोळ्यात तेल घालून वाचेन. खोटं लिहायचं तर कानाला खडा."

तिनं चमचा खाली ठेवला. "नो, मावशी."

मला वाटलं थट्टा करतेय. पण ती माझ्याकडे सरळ बघत होती. एरवी अर्ध्या वाक्यात इंग्रजीकडे पळणारी ती पोरगी शब्द शोधत शोधत मराठीत म्हणाली, "तू माझ्यावर खूप प्रेम करतेस. म्हणून नाही."

एवढं बोलून तिनं पुन्हा जेवायला सुरुवात केली, आणखी भात मागितला. मी वाढला. इतक्या मायेनं मला उभ्या जन्मात कुणी ‘नाही’ म्हटलं नव्हतं.