एकोणिसावे पत्र

मिस व्हर्लीन टब्ज यांनी चोवीस वर्षांत एकही पत्र हातचे जाऊ दिलेले नाही. आमच्या गावात याहून मोठे काम केलेली माणसे असतील, पण माझ्या पाहण्यात नाहीत.

त्या टोलिव्हर कॉलेजच्या फुटबॉल कचेरीत बसतात. फुटबॉल म्हणजे आमचा अमेरिकेतला, चेंडू हातात धरून धडका घेत खेळायचा. वयाने माझ्याहून दोन वर्षांनी लहान, एकाच चर्चमध्ये लहानाचे मोठे झालो, तरी मी त्यांना अहो म्हणतो आणि त्या मला अरे म्हणतात. हे केव्हा ठरले ते दोघांनाही आठवत नाही.

फेब्रुवारीचा पहिला बुधवार म्हणजे सह्यांचा दिवस. शाळेतून बाहेर पडणारी पोरे कोणत्या कॉलेजकडून खेळणार ते त्या दिवशी कागदावर येते. त्या कागदालाच पत्र म्हणतात. कागद आला की शिष्यवृत्ती पक्की, चार वर्षे पक्की. त्याआधी पोराने दिलेला शब्द म्हणजे वारा. पोरगा चर्चच्या पायरीवर उभा राहून ‘मी तुमचाच’ म्हणाला, तरी मंगळवारी मोठ्या कॉलेजाचा फोन आला की त्याला पायरी आठवत नाही. म्हणून जानेवारीभर कोचांना झोप नसते. मिस व्हर्लीन मात्र नऊला दिवा मालवतात.

याचे कारण त्यांच्या टेबलामागची भिंत. तिच्यावर येणाऱ्या प्रत्येक पोराचे एक कार्ड. कोच लोकांच्या कार्डांवर वजन, उंची, पळण्याची वेळ असते. मिस व्हर्लीनच्या कार्डांवर घरी फोन कोण उचलतो, आई कामावरून कधी सुटते, आजीला कागद मोठ्याने वाचून दाखवावा लागतो का, हे असते. आणि सगळ्यांत खाली: सही करणारे मोठे माणूस कोण, आणि ते बुधवारी सकाळी सात वाजता कुठे असेल. पोराबरोबर आईची किंवा बापाची सही लागते. कोच पोराच्या मागे धावतात आणि सही करणाऱ्याला विसरतात, असे त्या म्हणतात.

सत्त्याण्णव साली भिंतीवर एकोणीस कार्डे होती. माझ्या मते टोलिव्हरला आलेली ती सर्वांत चांगली तुकडी. सेल्मा गावाकडचे जुळे भाऊ होते, एकाच टेबलावर एकाच पेनाने सही करणार म्हणून अडून बसलेले. एक चेंडूला लाथ मारणारा पोरगा होता, त्याने त्याआधी फक्त शेतातल्या टरबुजांना लाथा मारल्या होत्या असे लोक म्हणत. आणि एकोणिसावा लेथन प्रुएट. रांगेतला मधला गडी. चेंडू मागे देतो आणि पुढचा माणूस अंगावर घेतो. त्याचे नाव पेपरात येत नाही, पण तो नसला तर कोणाचेच येत नाही.

लेथनला आधी तीन कॉलेजे विचारत होती. नोव्हेंबरात त्याचा गुडघा दुखावला आणि दोन कॉलेजांनी पाठ फिरवली. टोलिव्हरने शब्द धरून ठेवला. पण मुख्य कोच गॅन्ट यांनी साफ सांगितले होते की बुधवारी नऊपर्यंत पत्र आले नाही तर जागा दुसऱ्या मधल्या गड्याला जाईल. तो गडी घरी कागद घेऊन बसला होता. गॅन्ट वाईट माणूस नाही. त्याच्याकडे एकोणीसच जागा होत्या. लेथनकडे मात्र ही एकच होती.

मंगळवारी दुपारी मिस व्हर्लीन सगळ्यांना फोन करतात आणि प्रत्येकाला टेबलावरचा कागद वाचायला लावतात. लेथनचा नंबर आला.

“कागद समोर आहे?”

“आहे, मॅम. बाबांची सहीपण झालीय.”

“कधी?”

“काल पहाटे, मॅम. चार वाजून दहा मिनिटांनी. त्यांनी वेळ घातलीय.”

मिस व्हर्लीननी लेथनचे कार्ड भिंतीवरून काढून पुढ्यात घेतले. मग म्हणाल्या, “बाबांना दे फोन.”

“ते बोटीवर गेले, मॅम.”

लेथनचा बाप ओडेल टॉम्बिगबी नदीवर खलाशी. अठ्ठावीस दिवस बोटीवर, चौदा दिवस घरी. बुधवारी तो घरी असणार असे कार्डावर लिहिले होते आणि ते खरेही होते. पण रविवारी दुसऱ्या खलाशाचे मनगट मोडले आणि कंपनीने ओडेलला लवकर बोलावले. आता हातात काम असताना ते तसेच टाकून जाणारा माणूस तो नव्हे. त्याने निघायच्या आधी कागद पुढे ओढला, सही केली आणि बोटीच्या वहीत लिहितात तशी मिनिटापर्यंत वेळ घातली. नदीवर काम करणारा माणूस वेळ अशीच लिहितो. वेळेआधी काम उरकणे हा त्याच्या लेखी गुण. पण इथला नियम उलटा. बुधवारी सकाळी सातच्या आधी केलेली सही म्हणजे कागद रद्द. आई चार वर्षांपूर्वी वारली. घरात मावशी होती, पण मावशीची सही चालत नाही.

पीट लॉलर नावाचा तरुण कोच टेबलापाशी उभा होता. तो म्हणाला, “पांढरी शाई लावा, मिस व्हर्लीन. सोमवारचा बुधवार करायचा. दोन आकडे.”

“बुधवारी सातला ओडेल नदीवर असणार.”

“ते कोण बघायला जातंय?”

“मी बघितलं ना आता.” त्यांनी फोन पुन्हा उचलला. “पोरगा चार वर्षं इथे राहणार, पीट. पहिल्याच कागदाबरोबर मी त्याच्या हातात खोटं देणार नाही. तू तुझे फोन कर जा.”

कंपनीच्या माणसाकडून त्यांनी बोट कुठे आहे ते विचारून घेतले. कोळशाच्या आठ बार्जा, म्हणजे सपाट मालनौका, पुढे ढकलत ती खाली चालली होती. बुधवारी पहाटे सहाच्या सुमारास कटलर बेंडच्या लॉकवर येणार. मग त्यांनी मला फोन केला. त्या लॉकवर, म्हणजे बोटींना वरच्या पाण्यातून खालच्या पाण्यात उतरवणाऱ्या दारांच्या हौदावर, मी एकतीस वर्षे काम केले. वरच्या पाण्यातली बोट हौदात घ्यायची, मागचे दार लावायचे, पाणी सोडायचे, बोट तीस फूट खाली बसली की पुढचे दार उघडायचे. निवृत्त होऊन मला तीन वर्षे झाली होती. घर लॉकपासून एक मैलावर.

“कॅल्डर, तू कॉलेजला कधी देणगी दिलीस?”

“नाही.”

“मैदानाच्या दिव्यांसाठी?”

“नाही.”

“कुठल्या खेळाडूला कधी जेवू घातलंस?”

“मी कुत्र्यालाही माझ्या ताटातलं देत नाही, मिस व्हर्लीन.”

“गावाला ठाऊक आहे. म्हणूनच तुला फोन केला.”

कॉलेजच्या बाहेर सही होत असताना कॉलेजचा माणूस तिथे उभा राहिला तरी कागद बाद. देणगीदारही कॉलेजचाच धरतात. त्यांना कोणाचाच नसलेला माणूस हवा होता.

“बोट थांबवायची नाही,” मी म्हणालो.

“मी सांगितलं का थांबव म्हणून?”

“नाही.”

“मग ऐक. नवा कागद मी शाळेच्या फॅक्सवर पाठवलाय. शाळेचा कोच लेथनला घेऊन येईल. तू ओडेलपर्यंत कागद पोचव. सातच्या आधी पेन लागता कामा नये. कसं ते तू बघ.”

मी मंगळवारी उजेड असेपर्यंत लॉकच्या भिंतीवरून बादली खाली सोडून पाहिली. पहिल्यांदा वाऱ्याने बादली फिरली आणि आतला कोरा कागद उडाला. मग बादलीत दोन किलोचा पाना ठेवला. प्लायवूडचा तुकडा कापून त्यावर कागद कपड्यांच्या चिमट्यांनी लावला. पाच वेळा खाली, पाच वेळा वर. सहाव्यांदा मनासारखे झाले तेव्हा घरी गेलो. पेने दोन घेतली आणि सकाळी ती शर्टाच्या आत ठेवली. थंडीत शाई गोठते.

बुधवारी सहा वाजून अठरा मिनिटांनी बोट हौदात आली. लॉकवर आता डीन हॅरल होता, माझ्या हाताखाली शिकलेला. लेथन शाळेच्या कोचबरोबर कठड्यापाशी उभा. दारात न मावणारा पोरगा, पण त्या दिवशी खांदे आत घेऊन उभा होता. ओडेल पहिल्या बार्जवर दोरीपाशी होता. पाणी उतरत असताना दोरीवरचा माणूस दोरी सोडत नाही. मी त्याला हाक मारली नाही.

सहा पन्नासला पाणी खाली बसले. डीनने घड्याळाकडे पाहिले.

“काका, दार जरा अडकलं असं लिहू का? दहा मिनिटांचा प्रश्न आहे.”

“अडकलंय का?”

“नाही.”

“मग उघड. खाली दुसरी बोट वर यायला थांबलीय.”

सहा चौपन्नला दार उघडले. ओडेलने दोरी सोडली आणि बोट पुढे सरकू लागली. आता हे नीट समजून घ्या. जोडीजोडीने बांधलेल्या बार्जांची एकूण लांबी चारशे फूट, बोट सगळ्यांत मागे, आणि ओडेल सगळ्यांत पुढे. मी बादली सोडली. त्याने कागद काढला आणि पेन दातांत धरले.

“आत्ता नाही,” मी वरून सांगितले.

“ठाऊक आहे. बाईंचा निरोप कप्तानाला रेडिओवर मिळालाय.” त्याने माझ्याकडे पाहिले. “सोमवारी माझं चुकलं, कॅल्डर.”

“वेळेआधी केलंस, एवढंच.”

“ते माझ्या बायकोला सांगायला हवं होतंस. ती म्हणायची मी सगळीकडे उशिरा पोचतो.”

तो बार्जांवरून मागे चालू लागला. बोट पुढे जात होती आणि तो तितक्याच गतीने मागे येत होता, त्यामुळे मी होतो तिथेच राहिलो आणि तो माझ्या बरोबर खाली राहिला. बार्जाचा काठ अरुंद असतो, दव पडलेले होते, पण त्याने पायाखाली एकदाही पाहिले नाही. तिसऱ्या बार्जवर कप्तानाचा आवाज भोंग्यातून आला. “सात वाजले, प्रुएट.”

ओडेल गुडघ्यावर बसला. आता तो बोटीबरोबर पुढे जाऊ लागला आणि मी भिंतीवरून त्याच्या बरोबर चालू लागलो, दोरी हातात सैल धरून. त्याने सही केली. तारीख घातली. मनगटावरचे घड्याळ पाहून वेळ घातली. मग पुन्हा एकदा वाचून काढले. भिंत संपायला साठ पावले उरली होती.

“ओडेल, भिंत संपतेय.”

“एकदा घाई केली, कॅल्डर. आता नाही.”

त्याने चिमटे घट्ट केले आणि बादली सोडली. मी ओढून घेतली तेव्हा पुढे नऊ पावले भिंत होती. लेथन धावत आला नाही, चालत आला. दुखऱ्या गुडघ्याची काळजी घेणे त्याला कोणीतरी शिकवले होते. कागदावर सात वाजून एक मिनिट लिहिलेले होते. लेथनने कठड्यावर कागद ठेवून खाली आपली सही केली. सात वाजून सहा. अक्षर बापासारखेच, सुटे सुटे आणि ठसठशीत.

खालून ओडेल ओरडला, “आजीचं आडनाव दोन टी-नी लिहितात, लेथन.”

“इथे आजीचं नाव नाही लिहायचं, बाबा.”

“बरं.”

बोट वळणाआड गेली.

शाळेच्या फॅक्सवरून साडेसातला कागद गेला. सात पस्तीसला मिस व्हर्लीनचा शाळेत फोन आला. दव लागून तारखेची ओळ काळी उमटली होती. त्यांनी कागद चुलीच्या उबेला धरायला लावला नाही, इस्त्रीला लावला नाही. शिपायाला तो खिडकीत सपाट ठेवून वीस मिनिटे वाट पाहायला सांगितले. पीट लॉलर त्यांच्या टेबलाभोवती फेऱ्या मारत होता. त्यांनी त्याला जुळ्या भावांच्या घरी फोन करायला लावला, कारण त्यांचे पेन सापडत नव्हते. आठ बाराला दुसरा कागद आला. प्रत्येक ओळ स्वच्छ.

मग त्यांनी मला फोन केला. मी घरी पाय गरम पाण्यात ठेवून बसलो होतो.

“कागदावर तुझ्या हाताचं एक अक्षरही नाही ना?”

“नाही.”

“बोट थांबली?”

“एक मिनिटही नाही.”

“बरं. कोच गॅन्टनी दुसऱ्या पोराला स्वतः फोन केला. त्याला वाट बघायला लावायला नको होतं, पण ते माझ्या हातात नव्हतं.” मग म्हणाल्या, “कॅल्डर, ओडेलला कोण सांगणार?”

ते माझ्या डोक्यात आले नव्हते, हे कबूल करतो. मला वाटले काम संपले. ओडेलने सही केली होती, पण कागद पोचला की नाही हे कोणी कळवले नाही तर त्याला अजून सव्वीस दिवस कळणार नव्हते. मी पुढच्या लॉकवर फोन लावला, पंचवीस मैल खाली. तिथला माणूस माझ्या ओळखीचा.

त्याने नंतर मला सांगितले. अकराला बोट हौदात आली. पाणी उतरत होते. ओडेल दोरीपाशी होता, दोन्ही हात कामात. त्या माणसाने भोंग्यावरून निरोप दिला, “प्रुएट, एकोणीसच्या एकोणीस आले. तुझा पोरगा टोलिव्हरचा.”

ओडेलने दोरी सोडली नाही. मान हलवली आणि दोरीकडे पाहत राहिला. दार उघडल्यावर मात्र तो वरच्या माणसाला म्हणाला, “त्या बाईंना सांगा, मी पोराचा खेळ तिकीट काढून बघायला येईन. फुकटचं नको.”

मी तो निरोप तसाच सांगितला. मिस व्हर्लीन म्हणाल्या, “काढू दे.” आणि पुढच्या वर्षीच्या पोरांची पहिली कार्डे लिहायला घेतली.