सासूबाईंच्या नाकातलं बोर

सासूबाईंच्या पदरावर लाल ठिपके दिसले की त्या म्हणायच्या, "सुरमईचं रगत हाय गो." त्यांचं माहेर उरणच्या किनाऱ्यावरचं, पनवेलच्या मासळी बाजारात त्यांची रोजची फेरी. माझं डोकं पुस्तकात. मी विश्वास ठेवायचे. मग श्रावणातल्या एका सोमवारी, घरात वरण-भात आणि भोपळ्याची भाजी असताना, पदरावर तेच ठिपके.

"आई, आज भोपळ्याला रक्त आलं का?"

त्यांनी ठिपके पदराच्या घडीत दडवले. "घोलना फुटतो. उष्णतेनं. नाकात दूर्वांचा रस घालते मी." होळीपासून चाललं होतं म्हणे. डावी नाकपुडी तर बंदच.

डॉक्टरांनी नाकात बधिर करणारा फवारा मारला आणि बारीक दुर्बीण आत सरकवली. शेजारच्या टीव्हीवर एक लाल, चकचकीत गाठ दिसली.

"अगो, बोर हाय बोर!" आई हरखल्याच.

"बोर नाही मावशी, बारीक रक्तवाहिन्यांचा गुच्छ आहे. धक्का लागला की रक्त येतं. नाकात बोट घालता?"

"नाय."

मी छताकडे पाहिलं.

"कदी कदी," आई म्हणाल्या.

"त्यानंही होतं, कधी उगाचही होतं. कॅन्सर वाटत नाही, पण काढून तपासायला पाठवू."

मी त्या एका शब्दावरच अडकले. आईंना काळजी वेगळीच. "आनि माझा वास गेला तर? मासली कोन घेनार? ही?"

डॉक्टरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि घाईनं समजावलं की वास घेणाऱ्या नसा पार वर असतात, गाठ पुढे आहे, वासाला काही होणार नाही. आईंना पटलं नाही.

भूल देऊन दुर्बिणीतून गाठ मुळासकट काढली, पुन्हा उगवू नये म्हणून बूड जाळलं. दुसऱ्या दिवशी नाकातला बोळा निघाला तसा आईंनी माझा तेल लावलेला शेपटा ओढून हुंगला. चेहरा पडला. "काय नाय येत."

"सूज आहे, थोडा धीर धरा," डॉक्टर म्हणाले. धीर कसला! हिंगाची डबी, उदबत्ती, नातवाचे मोजे, रोज सकाळी सगळ्यांची परीक्षा आणि रोज आई नापास. त्या दिवसांत बाजार माझ्याकडे होता. जेवताना त्या माशाचा तुकडा ताटात नुसता फिरवायच्या.

एका सकाळी मी पिशवी ओट्यावर ठेवली आणि आतल्या खोलीतून आवाज आला, "ही पापलेटं परवाची हायत! कोनी गल्यात मारली तुझ्या?"

बोलणी खाऊन इतका आनंद मला आधी कधी झाला नव्हता. गाठ साधीच असल्याचा रिपोर्टही त्याच आठवड्यात आला. त्याच्याकडे आईंनी बघितलंसुद्धा नाही.

यंदा आई गेल्या, वेगळ्याच दुखण्यानं. आता बाजारात मीच जाते. कल्ले उघडून मासा नाकाशी नेते. मला नुसता समुद्राचाच वास येतो.

"ताजाच हाय, वहिनी," कोळीण म्हणते. "तुला शिला दिला तर तुझी सासू सपनात येऊन माझ्या झिंज्या उपटंल."

मी हसते. तरी मासा तसाच धरून उभी राहते. तिला वाटतं, मी तपासतेय.