स्लॅबमधली कडी

"सुमे, तुझी वैनी गेली गं..." दादाचा फोन आला तेव्हा मी कंपनीच्या बसमध्ये होते. कुरुंद्याला घरीच सकाळी छातीत दुखायला लागलं, वसमतच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं. पुण्यातल्या त्या भरल्या बसमध्ये मी मोठ्यानं रडले. लोक बघत होते, बघू देत.

माझी मुक्ता झाली तेव्हा आई हयात नव्हती, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. रजा संपत आली आणि एवढं तान्हं लेकरू पाळणाघरात घेईनात. मी राजीनामा द्यायचं ठरवलं, तर वहिनी आपली दोन लेकरं दादावर सोपवून पुण्याला आल्या. फ्लॅटमध्ये शिरल्या शिरल्या त्यांनी वर पाहिलं. "घराला आडंच न्हाई व्हय? मंग लेकराची झोळी बांधावं कुठं?" आमच्याकडे आढ्याला बांधलेल्या साडीच्या झोळीतच लेकरं वाढतात. घरमालक स्लॅबला भोक पाडू देईना. मग पाळणाघरात घेण्याएवढी होईपर्यंत मुक्ताला वहिनींनी पायांवरच झोपवलं. पाय सुजायचे, पण तकलीफ हा शब्द काही त्यांच्या तोंडून निघाला नाही. माझी नोकरी त्यांच्या त्या पायांवर उभी राहिली.

जाताना बजावून गेल्या, "दुसऱ्या लेकराच्या आधी सोताचं घर घे अन् झोळीसाठी कडी बसवून ठेव. बोलावलं की आलेच मी."

घर घेतलं, कडीही बसवली. दुसरं मात्र लांबतच गेलं... कंपनीतल्या आमच्या विभागात दुसऱ्या बाळंतपणानंतर नोकरीत टिकलेली एकही बाई मला आठवत नाही. गेल्या दिवाळीत वहिनी हसत म्हणाल्या, "कडीला गंज चढला आसंल की, ताई. काहून थांबून राहिली?"

"यंदा नक्की," मी म्हणाले. काय फुलला होता त्यांचा चेहरा!

तेराव्याला दादानं धुऊन धुऊन मऊ झालेली एक सुती साडी माझ्या हातात ठेवली. "तुह्या झोळीसाठी काढून ठेवली व्हती तिनं." वहिनींशिवाय आता दुसरं होणार नाही, हे परतताना नवऱ्याला आणि मला, दोघांनाही कळलं होतं. त्यांच्याबरोबर एक न आलेलं लेकरूही गेलं, आणि त्याचा दहावा काही कुणी घालत नाही.

परवा ती साडी कडीला बांधली. दुसरीत शिकणारी मुक्ता लगेच झोळीत चढून बसली. "आई, ही कुणासाठी गं?"

"मामीनं दिलीय," एवढंच बोलले. तिचे पाय फरशीला टेकत होते. तरी मी झोका देत राहिले.