शेठचे पैलवान आणि हकीमसाहेबांची तपासणी

आम्ही जुने पैलवान एका ओट्यावर बसलो की लोकांना वाटतं, आता कुस्त्यांच्या गोष्टी निघणार. कुस्त्यांच्या कुठल्या निघतात! कोणी कोणाला कोणत्या डावावर पाडलं, यावर आमचं आजवर एकमत झालेलं नाही. पण हकीमसाहेबांच्या तपासणीचा विषय निघाला, की सगळ्यांना सगळं आठवतं. एक किस्सा सांगावा तर त्याच्या धोतराचा सोगा धरून दुसरा येतो. चिलीम विझते, किस्से विझत नाहीत.

मी, संपत, अमरावतीच्या एका कापसाच्या आडत्याकडे पगारी पैलवान होतो. ते दिवसच कापसाचे. तिकडे अमेरिकेत आपसात लढाई जुंपली, त्यांचा कापूस अडला आणि इकडे आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला असा भाव चढला की विचारू नका! कालपर्यंत कंदील उसना मागणारे लोक बैलांच्या शिंगांना चांदीची टोपणं घालू लागले. शेठ लोकांना तर नाना नाद लागले. कोणी घोडे पाळले, कोणी मोर पाळले. आमच्या शेठनं पैलवान पाळले. दूध, तूप, बदाम आणि वर महिन्याचा पगार! अकोल्याच्या एका आडत्यानंही तसेच पैलवान ठेवले. मग काय, जिथे तिथे अमरावती विरुद्ध अकोला!

* * *

तपासणी सुरू कशी झाली ते आधी सांगतो.

शेठनं कोणाच्या तरी शब्दावर नागपूरकडून एक पैलवान आणला. माणूस कसला, डोंगर! बडनेऱ्याच्या बाजारात त्याची पहिली कुस्ती लागली. हा आखाड्यात उतरला, मातीला हात लावायला खाली वाकला, गुडघ्यावर बसला आणि बसूनच राहिला.

शेठ कौतुकानं म्हणाले, "पाह्य न, किती भाविक हाय!"

लोकांनीही हात जोडले. थोडा वेळ गेला. अजून थोडा गेला. समोरचा पैलवान मांडी थोपटून थोपटून दमला.

शेठनं आमच्या वस्तादांना विचारलं, "वस्ताद, अजून किती वेळ पाया पडन हा?"

वस्ताद म्हणाले, "शेठ, तो पाया नाई पडून रायला. तो पडला हाय! गुडघा धरला त्याचा!"

डोंगर उचलून बाहेर काढावा लागला. अकोल्याचे लोक हसून हसून आडवे झाले. परतताना शेठ बैलगाडीत सारखे एकच बोलत होते, "गठाण फोडून पाह्यल्याबिगर मी कापूस घेत नाई, आन माणूस तसाच घेतला!"

त्या पैलवानाला त्यांनी हाकललं मात्र नाही. आखाड्यातल्या मारुतीच्या पूजेला नेमलं. नमस्कार तो उभ्यानंच करायचा.

आणि काही दिवसांतच अचलपूरहून हकीमसाहेब आले. काडीसारखी अंगकाठी, पांढरीशुभ्र दाढी, कानात अत्तराचा फाया. शेठनं फर्मान काढलं, "आजपासून हकीमसाहेब पास म्हणतीन तोच लढन. ते फेल म्हणतीन तो घरी बसन!"

* * *

पहिल्याच दिवशी आम्हाला लंगोटावर ओळीनं उभं केलं. सर्वांत पुढे महादू. हा अमरावतीच्याच एका बागाईतदार माळ्याचा मुलगा, अंगानं दांडगा, डोक्यानं साधा.

हकीमसाहेब त्याच्यासमोर आले आणि हात पुढे करून म्हणाले, "नाडी दिखाओ."

महादू गोंधळला. खाली पाहिलं, आमच्याकडे पाहिलं.

हकीमसाहेब जरा जोरात म्हणाले, "अरे भई, नाडी! नाडी!"

महादू दोन्ही हात कमरेवर घट्ट धरून म्हणाला, "हकीमसाहेब, नाडी पायजाम्याले रायते! मी लंगोटवाला हाओ!"

हकीमसाहेबांनी कपाळाला हात लावला. पण खरी गंमत पुढेच होती. मनगट हातात आल्यावर त्यांना नाडी सापडेना. इतकं जाड मनगट! इकडे दाब, तिकडे दाब. शेवटी त्यांनी मनगट सोडलं आणि म्हणाले, "बोल रहा है, तो ज़िंदा ही होगा. पास!"

* * *

पैलवानाचे कान म्हणजे मोडून मोडून वाळलेल्या अंजिरासारखे झालेले. शेठला शंका आली, यांना ऐकू येतं की नाही? वस्ताद ओरडतात आणि हे ढिम्म!

हकीमसाहेब म्हणाले, "देख लेते हैं."

त्यांनी आम्हाला भिंतीकडे तोंड करून बसवलं. स्वतः पार मागे विहिरीपाशी गेले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "सौ दंड निकालो."

कोणी हललं नाही. वस्ताद काळजीत पडले. "गेले न कान सगळ्याइचे!"

हकीमसाहेबांनी त्यांना गप्प राहायची खूण केली. मग दाढीआडून, स्वतःलाही ऐकू येईल की नाही अशा आवाजात पुटपुटले, "जिलेबी."

सगळेच्या सगळे एकदम मागे वळले!

हकीमसाहेब शेठला म्हणाले, "कान एकदम अच्छे हैं, सेठ. बस, पेट से जुड़े हुए हैं."

* * *

आता आमच्या घरचा किस्सा. माझी बायको सखू. आमचं वावर तिवस्याला. मी आखाड्यात, वावर तिच्या आणि माझ्या म्हाताऱ्या वडिलांच्या अंगावर. त्या साली कापूस असा फुटला, की वावरात चांदणं सांडल्यासारखं दिसत होतं. पण प्रत्येकाच्याच वावरात फुटलेला, म्हणून वेचायला बाई मिळेना. ज्या बायका दरवर्षी आपणहून यायच्या, त्यांना बोलवायला आता लोक बैलांच्या दमण्या पाठवायचे!

तपासणीच्या दिवशी मी रांगेत उभा, आणि पाहतो तर सखू आखाड्याच्या फाटकात! मागे बैलगाडी. ती माझ्याकडे न पाहता सरळ हकीमसाहेबांपुढे गेली.

"हकीमसाहेब, यायच्या गुडघ्यात काईतरी खोट काढा न!"

हकीमसाहेब चकित. "बेटी, घुटना तो अच्छा है इसका."

"अच्छा हाय म्हणूनच त सांगून रायली! सोन्यावानी कापूस भुईवर गळून रायला, सासरे एकटे वेचून रायले, अन हे अठी मातीत लोळून रायले! तुमी फेल म्हणा. बाकी मी पाह्यतो."

आमच्याकडच्या बाया स्वतःलाही 'पाह्यतो'च म्हणतात, आणि सखूच्या तोंडी ते शोभायचं.

मी म्हणालो, "अवं, शेठ काय म्हणतीन?"

हकीमसाहेबांनी मला खाली बसवलं. गुडघा हलकेच दाबला. "दर्द?"

"नाई."

त्यांनी सखूकडे पाहिलं. सखूनं हात जोडले. मग त्या काडीसारख्या अंगठ्यात एवढा जोर कुठून आला देव जाणे, वाटीखाली असा काही दाबला की माझ्या डोळ्यांपुढे अख्खं तिवसं फिरलं.

"आई गं!"

"फेल!" हकीमसाहेब म्हणाले.

शेठ धावत आले. "फेल? काय औषध द्याचं याले?"

हकीमसाहेब गंभीरपणे म्हणाले, "सुबह से शाम तक झुकने की कसरत. कपास के खेत में. बीवी की निगरानी में."

आखाड्यात मला वाकवणारा कोणी भेटला नव्हता. सखूनं पहिल्याच दिवशी दुपारपर्यंत असं वाकवलं, की संध्याकाळी सरळ व्हायला वावराच्या धुऱ्यावरच्या बाभळीचा आधार घ्यावा लागला. वडील मात्र फार खूश होते. संध्याकाळी माझ्या पाठीला तेल लावताना म्हणाले, "गड्या, हे दुखनं दरसाल येऊ दे."

* * *

महादूचा गुडघा मात्र खरंच दुखावला. अकोल्याची कुस्त्यांची मोठी दंगल तोंडावर आलेली आणि याला जिना चढवेना. लढायची हौस तर अशी, की रडायला आला. मग त्यानं युक्ती काढली. त्याचा भाऊ रामा दिसायला अगदी त्याच्यासारखा, फक्त पैलवान नाही. बागेत भाजी लावायची, पहाटे तोडायची आणि बाजारात विकायची, हा त्याचा धंदा. तपासणीला महादूनं रामालाच लंगोट लावून उभं केलं!

आम्हाला सगळ्यांना माहीत. आम्ही ओठ दाबून उभे.

हकीमसाहेबांनी रामाचा गुडघा वाकवला. झकास! उठबशा काढायला लावल्या. झकास! श्वास पाहिला, छाती ठोकली. सगळं झकास. मग नाडी पाहायला हात हातात घेतला, आणि तो नाकापाशी नेऊन हुंगला.

"पहलवान के हाथ से तेल-मिट्टी की बू आती है," ते हळूच म्हणाले. "इसके हाथ से कोथिंबीर की क्यों आ रही है?"

महादू खांबामागे. वस्तादांनी डोळे मिटले.

आणि रामाच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "ताजी हाय हकीमसाहेब! किती जुड्या देऊ?"

हकीमसाहेब एवढे हसले, की त्यांनाच खाली बसवून पाणी द्यावं लागलं. महादूला त्यांनी खांबामागून बोलावलं, पायाला लेप बांधला आणि पोटच्या मुलासारखा दम दिला, "आज लड़ेगा तो एक कुश्ती लड़ेगा. रुकेगा तो दस साल लड़ेगा." महादू थांबला, आणि पुढे कितीतरी वर्षं लढला. रामा त्या दिवसापासून दर आठवड्याला हकीमसाहेबांकडे कोथिंबीर पोचवायचा.

* * *

सगळेच किस्से काही हसण्यावारी जाणारे नव्हते. नारायण आमच्यात सर्वांत तरुण आणि सर्वांत चपळ. वस्ताद म्हणायचे, हा अकोल्याचं नाक कापेल. एकदा हकीमसाहेबांनी त्याच्या छातीला कान लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. मग शेठला म्हणाले, "मुझे इसकी धड़कन ठीक नहीं लगती. अकोले में सरकारी डॉक्टर है, उसको दिखाओ."

आम्ही गेलो. डॉक्टर गोरा साहेब. त्यानं लाकडाची एक नळी नारायणाच्या छातीला लावली, दुसऱ्या टोकाला आपला कान. नारायण घाबरून श्वास धरून उभा. साहेब काहीतरी बोलला. जवळ पुण्याकडचा एक कारकून होता, त्यानं सांगितलं, "साहेब म्हणतात, ह्याचं हृदय मोठं आहे."

शेठनं मांडीवर थाप मारली. "मले माईतच होतं! असं काळीज वऱ्हाडात दुसरं नाई!"

आणि आम्ही अडवायच्या आत त्यांनी समोरच्या दुकानातून पेढे मागवले. दवाखान्यातल्या रोग्यांना वाटले, कारकुनाला दिले, साहेबाच्या हातावरही एक ठेवला. साहेबानं गोंधळून तो खाल्लाही.

कारकून घसा साफ करत म्हणाला, "शेठजी, हे कौतुक नव्हे. हा आजार आहे. ह्यानं कुस्ती खेळता कामा नये."

शेठच्या हातात द्रोण तसाच राहिला. नारायण खाली मान घालून अंगरखा चढवत होता, आणि त्याला बाही सापडत नव्हती. वस्तादांनी पुढे होऊन ती धरली.

परतीच्या वाटेवर मूर्तिजापूरला बैल सोडले तेव्हा शेठ उठून नारायणाजवळ बसले.

"हे पाह्य नारायण, पेढे वाटले ते वाटले. मी परत घेत नसतो. काळीज मोठं हाय त वस्तादाच्या हाताखाली शिकवाले लाग. लढाले ताकद पुरते. शिकवाले काळीजच लागते."

नारायण तेव्हा रडला. पण शिकवायला लागला, आणि असं शिकवलं, की पुढे अकोल्याचे आडतेही आपले पोट्टे त्याच्याकडे पाठवू लागले. आजही आमच्या ओट्यावर सर्वांत मोठा आवाज त्याचाच!

* * *

आणि आता ती अकोल्याची दंगल.

मोर्णा नदीच्या कोरड्या पात्रात आखाडा खणलेला. दोन्ही काठांवर माणसांवर माणसं. शेवटची कुस्ती माझी आणि अकोल्याच्या गुलाब पैलवानाची. गुलाब म्हणजे नावापुरताच गुलाब. बाकी नुसता साग! दोन्ही शेठच्या मर्जीनं हकीमसाहेबांनीच आम्हा दोघांना तपासलं. दोघंही पास.

कुस्ती लागली. कोणी कोणाला आटपेना. ऊन उतरायला लागलं तरी आम्ही एकमेकांच्या मानेवर हात टाकून घुमतोच आहोत. मग मी खाली शिरून त्याचा हात ओढला, त्यानं उलटा झटका दिला आणि 'कट्' असा आवाज आला. गुलाब मातीत बसला. चेहरा पांढराफटक. खांदा निखळून हात नुसता लोंबत होता.

लोक ओरडत होते, "संपत, दाब त्याले! चीत कर!" आमचे शेठ तर पागोटं हलवत होते.

पण मला तो हात पाहवेना. मी त्याला सोडलं आणि ओरडलो, "हकीमसाहेब! या लवकर!"

हकीमसाहेब आखाड्यात उतरले. गुलाबाला मातीत आडवं केलं, त्याच्या बगलेत आपली टाच लावली आणि मनगट धरून ओढू लागले. पण साग तो! हकीमसाहेब लटकले, घामाघूम झाले, हात जागचा हलेना.

मला म्हणाले, "संपत, मेरे बस का नहीं. तू बैठ. एड़ी यहाँ रख. झटका नहीं देना. धीरे, एक जैसा खींच."

मी बसलो. गुलाब दात आवळून म्हणाला, "भाऊ, जरासाक सांभाळून."

"घाबरू नको लेका," मी म्हणालो आणि ओढायला लागलो. सावकाश. अजून सावकाश. आणि एकाएकी माझ्या हाताला कळलं, हाड सरकलं, घरात बसलं!

गुलाबानं डोळे उघडले. बोटं हलवली. कोपर वाकवला. चेहऱ्यावर रंग आला. हकीमसाहेबांनी विचारलं, "दर्द?"

"नाई जी," गुलाब म्हणाला, उठून उभा राहिला आणि मला हात देऊन उठवलं.

हकीमसाहेब दोन्ही शेठकडे वळून सांगायला लागले, "अब ये कुश्ती यहीं..."

त्यांचं वाक्य मी उलटा होऊन ऐकलं. गुलाबानं मला जे उचललं, ते सरळ आभाळात, आणि तिथून पाठीवर! चीत! धूळ उडाली, ढोल वाजले, अकोला नाचायला लागलं.

मी पडलो होतो तसाच पडून राहिलो. हकीमसाहेब माझ्यावर वाकले. मान पाहिली, पाठ पाहिली, गुडघे पाहिले, बरगड्या एकेक चाचपल्या.

मी विचारलं, "हकीमसाहेब, काई मोडलं काय?"

हकीमसाहेब दाढीवरची माती झटकत म्हणाले, "कुछ नहीं टूटा. और बेटा, हाथ तूने बहुत बढ़िया बिठाया है!"