मर्व्ह हॅड्रिकचा स्वच्छ संघ

ऑस्ट्रेलियातल्या विमेरा या गव्हाच्या पट्ट्यातील आमच्या गावात मर्व्ह हॅड्रिक फुटबॉल क्लबचा अध्यक्ष होता. ‘स्वच्छ’ या शब्दाचा त्याला एकच अर्थ ठाऊक होता: लघवीत अमली पदार्थ न सापडणे. त्यापलीकडे खेळाडू काय करतात, हा त्याच्या नीतिशास्त्राचा विषय नव्हता.

अंतिम सामन्याच्या तोंडावर परिचारिका ग्लेनिस लघवीच्या नमुन्यांसाठी बाटल्या घेऊन आली. क्लॅमिडियाचा संसर्ग बहुधा काही त्रास न देताच अंगात राहतो, म्हणून शरीरसंबंध ठेवणाऱ्या तरुणांनी दरवर्षी तपासणी करावी, असे तिने समजावले. मर्व्हने बाटल्या पाहिल्या; ऐकले काहीच नाही. ही अमली पदार्थांचीच तपासणी समजून, संघ बाद होईल या धास्तीने त्याने खेळाडूंनी भरलेल्या बाटल्या गुपचूप मोरीत ओतल्या आणि शेतावरून उशिरा आलेल्या आपल्या मुलाला, ब्रेडनला, सरबताचे पेल्यावर पेले पाजून त्या पुन्हा भरून घेतल्या. ब्रेडन सिगारेटलाही शिवत नसे. रविवारी चर्चमध्ये गात असे.

यथावकाश प्रत्येक खेळाडूला निरोप आला: संसर्ग आहे, उपचारासाठी या.

“टोबी, तुलासुद्धा? तुला भेटली तरी कोण रे?” क्लबात एका खेळाडूने विचारले.

“तेच तर मी विचारतोय!” टोबी म्हणाला आणि सगळे हसले.

डेल मात्र हसला नाही. त्याची वाग्दत्त वधू टीगन हिने अंगठी क्लबच्या, मटण भरलेले मीट-पाय नावाचे पॅटिस गरम ठेवायच्या कपाटात फेकली होती.

“लग्न मोडलं म्हणते. देवाशपथ, मी दुसऱ्या कुणाकडे पाहिलंसुद्धा नाही रे!”

गप्प राहावे तर डेलचे लग्न जाणार. बोलावे तर मुलाची अब्रू. मर्व्ह उठला.

“बाटल्या मी बदलल्या. त्यात... लघवी माझीच होती.”

क्लबच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याच्या बायकोने, लोरेनने, डोके बाहेर काढले. “तुझी? मग ही लागण कुणाकडून आणलीस रे मर्व्ह? माझ्याकडून तर नाही!”

“बाबा, बस खाली,” ब्रेडन म्हणाला. “माझी होती.”

“अरे, त्या चर्चमध्ये गातं तरी कोण कोण?” टोबीने विचारले.

उपचाराला ब्रेडन एकटा गेला नाही.

ग्लेनिसने नव्या बाटल्या आणल्या. मर्व्हला त्यांना हात लावू दिला नाही. डेलबरोबर टीगननेही तपासणी करून घेतली. दोघांचे निकाल स्वच्छ आल्यावर तिने अंगठी पुन्हा बोटात घातली. अंगठीला अजून मटणाचा वास येतो, अशी तिची तक्रार आहे.