चौदा नंबरच्या दारावरची हरकत

पद: उपकप्तान, तारायान, मालवाहू व प्रवासी, दुसरी श्रेणी. वय: छप्पन्न. ओळखीची खूण: उजव्या अंगठ्यावर सुईचा जुना व्रण. सेवाकाल: सव्वीस वर्षे. वर्तन: समाधानकारक. उल्लेखनीय कामगिरी: निरंक. शेरा: अतिसावध स्वभावामुळे कप्तानपदासाठी अयोग्य.

खात्याच्या कागदांत ती एवढीच आहे. जहाजावर तिला सगळे हरकतबाई म्हणतात. कप्तानही म्हणतो, फक्त तोंडावर ताई म्हणतो, कारण त्याला काम तिनेच शिकवलं.

तिला मावशीने वाढवलं. मावशीचं शिवणकामाचं दुकान होतं: दोन मशिनं, एक इस्त्री आणि एक आरसा. आरशात गिऱ्हाईक जरा बारीक दिसायचं, म्हणून मावशीने तो जन्मात बदलला नाही. तयार कपड्यांची शिवण तपासायचं काम भाचीकडे. तेही डोळे मिटून, अंगठ्याने. "डोळे गिऱ्हाइकासारखे असतात, रंग दिसला की खूश," मावशी म्हणायची. "अंगठ्याला विचार."

पुढे ती गोदीत तारायानांच्या दारांना रबर बसवायच्या कामावर लागली. तारायानाच्या दाराची अडचण अशी, की अलीकडे माणसं चहा पीत असतात आणि पलीकडे काहीच नसतं. मध्ये चार बोटं रुंदीचं रबर. परीक्षा देत देत ती तिसाव्या वर्षी उपकप्तान झाली. मधल्या काळात लग्न केलं. नवरा शाळेत भूगोल शिकवायचा. "मी भूगोल शिकवतो आणि बायको भूगोलाच्या बाहेर असते," असं तो दर वर्षी नव्या वर्गाला सांगे, आणि दर वर्षी वर्ग हसे. एका फेरीला सात महिने लागतात.

उपकप्तानाचं मुख्य काम हरकत घेणं. खूप पूर्वी एक जहाज, सगळेच सज्जन असल्यामुळे कुणी कुणाला अडवलं नाही म्हणून, बिघडलेलं असताना सुटलं आणि परत आलं नाही. तेव्हापासून नियम आहे: निघण्यापूर्वी कप्तान विचारतो, "हरकत?" आणि उपकप्तानाने एक तरी हरकत घ्यायचीच. मग ती मान्य करायची की सही करून फेटाळायची, हे कप्तानाने ठरवायचं. नियम चांगला असल्यामुळे त्यातून पळवाटही लवकरच निघाली. सगळीकडचे उपकप्तान म्हणतात, "चहा गार होता." कप्तान म्हणतो, "फेटाळली." जहाज सुटतं.

हिने मात्र एकदाही चहाला दोष दिला नाही. स्वयंपाकघरातली एक सुरी कमी आहे, ती सापडू दे. नकाशे बघणारा तीन दिवस झोपलेला नाही, त्याला आधी झोपवा. "नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं," आचारी पुटपुटायचा आणि सुरी शोधायला लागायचा.

तीन वर्षांपूर्वी एका सुटण्याच्या वेळी मुख्य कचेरीतून निरीक्षक आला. कप्तानाने तिला बोळात गाठलं.

"ताई, मला दुसरं जहाज मिळतंय. हे तुम्हाला. पत्र त्याच्या खिशात आहे, सहीसकट. आज वेळेवर सुटलो की तुमच्या हातात."

"बरं."

"तेव्हा आज चहा."

"चहाचं काय?"

"गार होता म्हणा की. सगळं जग म्हणतं."

पत्राचं मोल पगारापुरतं नव्हतं. कप्तानाला जोडीदार सोबत नेता येतो, उपकप्तानाला नाही. नवरा दोन महिन्यांनी निवृत्त होणार होता. त्याने निळी बॅग आणून तिच्यात लोकरीचे मोजे भरूनही ठेवले होते.

ती नेहमीसारखी दारं बघायला निघाली. एकूण एकेचाळीस. चौदा नंबरला अंगठा थांबला. वर हिरवा दिवा लागलेला होता.

"बाई, यंत्र ठीक म्हणतंय," मिस्त्री म्हणाला.

"ऐकलं मी. रबर कोरडं लागतंय."

"बदलायचं म्हटलं तर नऊ दिवस जातील."

तिने डावा अंगठा फिरवून पाहिला. मग परत उजवा. मग काही वेळ नुसतीच उभी राहिली.

नियंत्रण-कक्षात कप्तानाने विचारलं, "हरकत?" आणि पुढे स्वतःच जोडलं, "चहा गार होता का, ताई?"

"चहा छान होता. चौदा नंबरचं रबर बदलल्याशिवाय निघायला माझी हरकत आहे."

निरीक्षकाने घड्याळ पाहिलं. कप्तानाने फेटाळण्यासाठी पेन उचललं, तिच्याकडे बघितलं आणि पेन खाली ठेवलं.

"नऊ दिवस," तो म्हणाला.

त्या नऊ दिवसांत प्रवाशांनी तिच्या सात पिढ्यांची विचारपूस केली. कुणीतरी चौदा नंबरच्या दारावर खडूने लिहिलं, 'येथे हरकत राहते.' काढलेलं रबर तपासणीला गेलं. अहवाल आला: निर्दोष, आणखी सहा वर्षे चालले असते. निरीक्षक पत्र खिशातच ठेवून, शेरा लिहून निघून गेला. कप्तानाचं दुसरं जहाजही त्याच खिशातून परत गेलं.

तिने अहवाल दोनदा वाचला. "अंगठा चुकला म्हणायचा."

"हो," कप्तान म्हणाला.

"चुकला तेच बरं."

नवऱ्याचा फोन आला. "मिळालं पत्र?"

"नाही. रबर कोरडं लागलं."

"होतं का कोरडं?"

"नव्हतं."

"आणि परत तसंच लागलं तर?"

"परत हरकत घेईन."

"बॅग माळ्यावर टाकू?"

"टाका."

दहाव्या दिवशी सगळे नियंत्रण-कक्षात जमले. आता तरी बाई चहावर येतील, अशी आचाऱ्याने पैज लावली होती.

"हरकत?"

"चौदा नंबरवर खडूने लिहिलंय. भुकटी रबरात जाते. पुसून घ्या."

कप्तान उठला आणि स्वतःच्या रुमालाने पुसून आला. मग जहाज सुटलं.

नवऱ्याने बॅग माळ्यावर टाकली नाही. निवृत्त झाल्यावर तो ती घेऊनच तिकीट खिडकीवर गेला. साधा प्रवासी म्हणून पुढच्या फेरीचं एक तिकीट मागितलं.

"ह्या जहाजाला जागा नसते," खिडकीतली बाई म्हणाली. "दुसऱ्याचं देऊ? बाकीची वेळेवर सुटतात."

"ह्याचंच द्या."

"सगळे हेच म्हणतात."

प्रतीक्षायादीत त्याचा नंबर एकोणिसावा लागला. अठरावा निरीक्षकाचा होता, सहकुटुंब.