मुखपृष्ठावरची बाई

तेव्हा मी अठराव्या शतकातल्या इंग्रज लेखिकांवर पीएच.डी. करत होते. करमाडच्या मुलीला लंडनच्या बायकांचं काय पडलंय, असं मला बऱ्याच जणांनी विचारलं. एमएला असताना त्या काळातल्या एका कादंबरीच्या पहिल्या पानाचा फोटो पाहिला होता. लेखिकेच्या नावाच्या जागी नुसतं ‘एका बाईकडून’ अशा अर्थाचं काहीतरी छापलेलं होतं. ते डोक्यात बसलं आणि त्यापायी पुढची काही वर्षं गेली.

सुरुवातीला सगळं सोपं वाटायचं. बायका लिहायच्या, पण नाव द्यायला घाबरायच्या. पुस्तकविक्रेते स्वस्तात हस्तलिखित विकत घ्यायचे आणि मग पुस्तक त्यांचं व्हायचं. लग्न झालेल्या बाईची कमाई कायद्यानं नवऱ्याची. मी पहिलं प्रकरण त्याच सुरात लिहिलं. पुढं वाचत गेले तसा गुंता व्हायला लागला. काही बायकांनी स्वतः दुकानदाराशी घासाघीस केलेली होती. काही विधवा छापखाना चालवायच्या आणि दुसऱ्यांची पुस्तकं काढायच्या. आणि काही पुस्तकांवर ‘एका बाईकडून’ असं होतं, पण लिहिणारा पुरुष होता, कारण तसं छापलं की खप वाढायचा. म्हणजे नाव नसलं तरी बाई असू शकते, आणि बाई छापलं तरी बाई नसू शकते. मी गाईड मॅडमना म्हटलं, “मला आता काहीच कळत नाहीये.” त्या म्हणाल्या, “चांगलं आहे. लिहीत राहा.”

अशा अवस्थेत मी जानेवारीत, नामविस्तार दिनाला, विद्यापीठाच्या गेटवर गेले. त्या दिवशी गेटपासून पार रस्त्यापर्यंत पुस्तकांचे स्टॉल लागतात. लोक दुरून येतात, गेटला नमन करतात आणि जाताना पुस्तक घेतात. मी एका स्टॉलवर गाण्यांच्या छोट्या पुस्तिका चाळत होते. मधोमध पिना मारलेल्या, पातळ कागदाच्या. एका पानावर थांबले, कारण ते गाणं माझ्या आईचं होतं.

आई करमाडच्या बुद्धविहारात गाणी म्हणते. वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, रोज संध्याकाळी बायका ग्रंथवाचनाला जमतात, वाचन झालं की गाणी होतात. त्यातली बरीच आईनं केलेली. हे गाणं शाळेत जाणाऱ्या लेकीचं. माझंच म्हणा ना. त्याची मुख्य ओळ अशी:

*लेक चालली शाळंला, तिला द्या गं वाट,*
*डोईवरची पाटी गेली, पाटी आली हातात.*

पुस्तिकेत खाली कंसात ‘पारंपरिक’ असं छापलं होतं. आणि दुसरी ओळ ‘डोईवरचा भार गेला, पाटी आली हातात’ अशी झाली होती.

मी पुस्तिका घेऊन त्याच दिवशी करमाडला गेले. आई अंगणात मेथी निवडत बसली होती. मी पान उघडून तिच्यापुढं धरलं.

“माय, हे बघ. तुझं गाणं छापलंय, आणि तुझं नावच नाही.”

तिनं हात पदराला पुसले, चष्मा लावला आणि ओठ हलवत वाचलं. मला वाटलं, ती आता चिडेल. तिनं कंसातल्या शब्दावर बोट ठेवलं.

“हे पारंपरिक म्हंजी?”

“म्हणजे जुनं. कोणी केलं ते माहीत नाही, पण सगळे म्हणतात, असं.”

“मग चांगलंच हाय की,” ती म्हणाली, आणि पुन्हा वाचायला लागली. दुसऱ्या ओळीवर मात्र तिचा चेहरा पडला. “पाटी कुठं गेली?”

“कुठली पाटी?”

“डोईवरची. शेणाची पाटी डोईवरून गेली आन लिहायची पाटी हातात आली. त्येच तर गाणं हाय. यानं भार केला. भार कशाचा बी असतोय.”

मी नावाचं बोलत होते आणि ती पाटीचं. मी म्हटलं, आपण तुझी गाणी वेगळी छापू, नावासकट. ती म्हणाली, छाप, पण पाटी परत घाल. मी निघताना तिनं वर सांगितलं, “आन ‘लेक चालली’ ही पयली ओळ माझी नाय हं. ती गल्लीतल्या मोठ्या वहिनीची हाय. ती म्हणली, मग मी म्होरली जोडली.” शहराकडं परत येताना बसमध्ये मी विचार करत होते, की चोरी झाली हे नक्की, पण नेमकी कोणाची?

क्रांती चौकाच्या मागच्या बाजूला एका बोळात एक जुना छापखाना आहे. मालक वयस्कर, सगळे त्यांना चाचा म्हणतात. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, दिनदर्शिका आणि अशा पुस्तिका ते छापतात, आणि पुस्तिका पुढच्या खोलीतल्या कपाटातून विकतातही. त्यांना पाहून मला माझ्या अभ्यासातली एक अडचण एकदम सुटल्यासारखी वाटली. लंडनमधला तो ‘पुस्तकविक्रेता’ पुस्तक काढायचाही आणि विकायचाही, हे मी वाचलं होतं, पण डोळ्यांपुढं येत नव्हतं. इथं तो माणूस बनियनवर बसून चहा पीत होता.

“छापायचं तर छापू, मॅडम,” चाचा म्हणाले. “लेकिन घेणार कोण, ते आधी बघा. माझ्याकडं माल पडून राहतो.”

मी त्यांना लंडनची पद्धत सांगितली. पुस्तक निघायच्या आधीच घेणाऱ्यांकडून कबुली घ्यायची आणि त्यांची नावं पुस्तकात छापायची. ते म्हणाले, “ये तो अच्छा आहे. आपलं नाव छापलेलं बघायला माणूस घेतोच.”

आईला ही कल्पना माझ्यापेक्षा जास्त आवडली. ती विहारातल्या बायकांना भेटली, शेंद्र्याला कंपनीत कामाला जाणाऱ्या पोरींना तिनं बसथांब्यावर गाठलं, बहिणीला फोन केला. मोठ्या वहिनींच्या घरी मी सोबत होते. वहिनी म्हणाल्या, “माझी ओळ बी हाय ना त्यात?” आई म्हणाली, “हाय. म्हणून तर तुमी दोन घ्या.” वहिनींनी दोन कबूल केल्या. गाण्याखाली त्यांचं नाव टाकू का, असं मी विचारलं, तर त्या हसल्या. “ओळीला कुठं नाव असतंय?”

प्रूफं आली तेव्हा मी आईला शहरात घेऊन आले. चाचांनी तिच्यासाठी खुर्ची पुसली. तिनं सगळी पानं वाचली, पाटी दोन्ही जागी असल्याची खात्री केली आणि हूं म्हणाली. मग चाचांनी कोरं मुखपृष्ठ काढलं.

“पहिली गोष्ट, गावाचं नाव कोणतं टाकू?” त्यांनी विचारलं. शहराचं नाव बदललं होतं. त्यांच्या पावतीपुस्तकावर अजून जुनंच होतं, दारावरच्या पाटीवर नवं. आम्ही थोडा वेळ एकमेकांकडं पाहिलं. आई म्हणाली, “करमाड टाका.”

“आणि लेखिकेचं?”

मी आईचं नाव सांगायला लागले. पहिलं, मग वडिलांचं, मग आडनाव. आईनं माझ्या मनगटावर हात ठेवला.

“ते नको.”

मला वाटलं, आता ही लाजणार. माझ्या पहिल्या प्रकरणातल्या सगळ्या बायका माझ्यापुढं उभ्या राहिल्या. मी म्हटलं, “माय, घाबरू नको. नाव यायलाच पाहिजे.”

“मी कुठं नको म्हणले? नाव टाका. पर हे नको.” आणि तिनं चाचांना एक नाव सांगितलं. पहिलं नाव, मग माझ्या आईकडच्या आजोबांचं, मग तिच्या माहेरचं आडनाव. आजोबांचं आणि आडनाव मला माहीत होतं. पहिलं नाव मी जन्मात ऐकलं नव्हतं.

चाचांनी ते कागदावर लिहून माझ्याकडं पाहिलं. मी आईकडं पाहिलं.

“हे कोणाचं नाव?”

“माझं. शाळंतलं,” ती म्हणाली. “लग्नात बदललं. त्या घरात आधीच या नावाची एक जाऊ होती. दोन कशाला, म्हणून तुझ्या आजीनं दुसरं ठिवलं.”

“तू मला कधी सांगितलं नाहीस.”

“तू कधी इचारलंस?” तिनं हे टोचून म्हटलं नाही, सहज म्हटलं. मग खुर्चीत जरा सरळ बसली. “लिहायला शिकली ती हीच. चौथीपर्यंत होती शाळंत. ह्या दुसऱ्या नावाच्या बाईला शाळा कुठं माहिती?”

चाचांनी मान हलवली आणि कागद आतल्या खोलीत पाठवला. मी तिथंच बसून राहिले. आधारकार्डावर, बँकेत, मतदार यादीत जी बाई होती ती माझी आई होती. ही दुसरी कोण होती ते मला कळत नव्हतं. माझ्या स्वतःच्या लेखांवर माहेरचं आडनाव आहे आणि कॉलेजातल्या पगाराच्या खात्यावर सासरचं, पण पहिलं नाव तरी तेच आहे.

पुस्तिका निघाली. वडिलांनी ती हात लांब करून वाचली. ते कंपनीतून निवृत्त झालेत आणि पेपरातला प्रत्येक शब्द वाचतात.

“कोणाचं पुस्तक हे?”

“वाचा तर खरं,” आई आतून म्हणाली.

त्यांनी बरीच पानं वाचली. “गाणी तर तुझीच दिसतात. ही बाई कोण?” मग ते थांबले. पुन्हा मुखपृष्ठाकडं पाहिलं. म्हणाले, “अरे हां,” आणि पुस्तिका उशाशी ठेवली. त्यांना वाईट वाटलं की बरं, ते मला त्यांच्या तोंडावरून ओळखता आलं नाही.

विहारात वेगळाच घोळ झाला. बायका आपापली छापलेली नावं बोटानं शोधत होत्या आणि खूश होत होत्या. पण मुखपृष्ठावरची बाई कोणालाच माहीत नव्हती. एकीनं आईलाच विचारलं, “गाणी तर तुमची, मग नाव कोणाचं टाकलं? फसवलं की तुमाला.” मी खुलासा करायला पुढं झाले. आई म्हणाली, “हाय एक. आमच्या माहेरची. लई हुशार.” आणि विषय बदलला.

मी तिला घरी विचारलं, की तू सांगत का नाहीस. मी एवढा खटाटोप केला तो तुला तुझं श्रेय मिळावं म्हणून. तिनं माझ्याकडं जरा दयेनं पाहिल्यासारखं केलं.

“मिळालं की. तिला मिळालं.”

पुढच्या जानेवारीत चाचांनी गेटजवळच्या एका स्टॉलवर पुस्तिका ठेवल्या आणि आई पांढरी साडी नेसून स्टॉलमागं बसली. मी सुटे पैसे देत होते. आई येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना गाण्याची एक ओळ म्हणून दाखवायची आणि पुस्तिका हातात द्यायची. दुपारी एक म्हातारी बाई आली, सोबत सून. तिनं सुनेकडून मुखपृष्ठावरचं नाव वाचून घेतलं, मग पुन्हा एकदा वाचायला लावलं.

“ही सिल्लोडकडची का?” तिनं आईला विचारलं. “या नावाची पोरगी आमच्या शाळंत होती. लई गाणी म्हणायची. लग्न होऊन गेली, मंग काय कळलं नाय तिचं.”

मला वाटलं, आता तरी ती सांगेल. आईनं चष्मा काढला.

“तुमी माळ्याच्या मळ्यापाशी राहत होता,” ती म्हणाली.

म्हातारीनं सुनेचा हात सोडला आणि टेबलावर दोन्ही हात टेकवून आईच्या तोंडाकडं पाहत राहिली. मग तिनं तेच नाव हाक मारल्यासारखं घेतलं, आणि आईनं ओ दिली. माझ्या आईला त्या नावानं ओ देताना मी पहिल्यांदा ऐकलं. दोघी स्टॉलमागच्या सतरंजीवर जाऊन बसल्या आणि संध्याकाळपर्यंत उठल्या नाहीत. विक्री मीच केली. कोणी विचारलं, की ही लेखिका कोण, तर मला काय सांगावं कळायचं नाही. कधी म्हणायचे आई, कधी म्हणायचे सिल्लोडकडची एक बाई. दोन्ही वेळा खोटं बोलल्यासारखं वाटायचं.

परतीच्या बसमध्ये आई खिडकीशी बसली होती. आवाज बसला होता, तरी बोलत होती. मैत्रीण पुढच्या महिन्यात करमाडला येणार होती. मग तिला काहीतरी आठवलं.

“तुझ्या त्या लंडनच्या बाया,” ती म्हणाली, “नाव टाकायच्या तवा माहेरचं टाकायच्या का सासरचं?”

मी म्हटलं, बहुतेक सासरचं. काहींचं माहेरचं. काहींची मला दोन्ही माहीत नाहीत.

“बघ मग,” ती म्हणाली, आणि चिकलठाणा यायच्या आत तिला झोप लागली.

मी प्रबंधाचं पहिलं प्रकरण काढून टाकलं आणि परत लिहायला घेतलं. ते आधीइतकं ठाम झालं नाही. गाईड मॅडमनी समासात दोन ठिकाणी ‘नक्की काय म्हणायचंय?’ असं लिहिलं. एका ठिकाणी मी उत्तर दिलं. दुसऱ्या ठिकाणी वाक्य तसंच राहू दिलं.